चौकटीबाहेरचा वाघ

(एका अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



समोरच्या पडद्यावर जे व्यंगचित्र आपण पाहत आहात, ते ३० नोव्हेंबर १८७८ रोजी लंडनच्या ‘पंच’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. चित्रकार जॉन टेनिअल. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ या बालकादंबरीतील ती प्रसिद्ध चित्रे काढणारा हाच तो टेनिअल. चित्राच्या मध्यभागी अफगाणिस्तानचा अमीर शेर अली उभा आहे. त्याच्या एका बाजूस अस्वल, म्हणजे रशिया. दुसऱ्या बाजूस सिंह, म्हणजे ब्रिटन. दोन्ही जनावरे अमीराच्या मानाने आडमाप आहेत आणि दोघांचीही नजर त्याच्यावर आहे. झेप मात्र अजून कोणीच घेतलेली नाही. खाली एकच ओळ आहे. अमीर म्हणतो आहे, ‘माझ्या मित्रांपासून मला वाचवा!’

मध्य आशियातील रशिया-ब्रिटन स्पर्धेवरच्या पुस्तकांतून हे चित्र इतक्या वेळा छापले गेले आहे, की पाहणारा त्याकडे क्षणभर बघतो, हसतो आणि पान उलटतो. मीही एकदा तसेच केले होते. मला मात्र ते पान पुन्हा मागे उलटावे लागले. तो प्रसंग आधी सांगतो, कारण आजच्या विषयाशी त्याचा संबंध आहे.

२००३ सालची गोष्ट. मी तिशी नुकतीच ओलांडलेला, एका दैनिकात उपसंपादक होतो. मार्च महिन्यात अमेरिकेने इराकवर आक्रमण केले. ८ एप्रिलला आपल्या लोकसभेने त्यासंबंधी ठराव संमत केला. ठरावाच्या हिंदी मसुद्यात ‘निंदा’ हा शब्द होता आणि इंग्रजीत त्याहून सौम्य शब्द योजला होता. त्या एका शब्दाचे मराठी काय करावे, यावर आमच्या टेबलावर चांगला तासभर काथ्याकूट झाला. पुढे काही आठवड्यांतच अमेरिकेने भारताकडे इराकमध्ये शांतता राखण्यासाठी सुमारे एका डिव्हिजनएवढे सैन्य मागितले. दिल्लीत दोन्ही बाजूंनी जोरदार चर्चा सुरू झाली. मी एक लेख लिहिला. भारताने सैन्य अवश्य पाठवावे, असे त्यात ठासून प्रतिपादन केले होते. पोखरणचा स्फोट झालेला, कारगिल जिंकलेले. आता जगाच्या पटावर बसायचे तर अशी संधी दवडता कामा नये, असा एकंदर सूर होता. लेख बरा उतरला होता, असे मला तेव्हा वाटले.

आमच्या विभागात एक ज्येष्ठ सहकारी होते. त्यांनी लेखाच्या मुद्रितात एकही दुरुस्ती केली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र एक जाडजूड जुने पुस्तक घेऊन आले, हे चित्र असलेले पान माझ्यासमोर उघडले आणि म्हणाले, “यात तू कुठे आहेस, ते दाखव.” मी म्हणालो, “मी कशाला असेन? हा तर अफगाणिस्तानचा प्रश्न आहे.” ते म्हणाले, “तेच तर विचारतोय. तू का नाहीस?”

त्या वेळी मला त्या प्रश्नाचा रोख कळला नाही. आज तोच प्रश्न मी आपल्यासमोर मांडणार आहे.

प्रथम चित्रावरची तारीख पाहू. व्यंगचित्र वाचताना लोक चेहरे पाहतात, खालची ओळ वाचतात. तारीख फारसे कोणी पाहत नाही. ती आहे ३० नोव्हेंबर. इंग्रजांच्या फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, त्या २१ नोव्हेंबरला. म्हणजे हा अंक लंडनकरांच्या हाती पडला, तेव्हा युद्ध सुरू होऊन नऊ दिवस झाले होते. खैबर, कुर्रम आणि बोलन अशा तीन वाटांनी तीन फौजा पुढे सरकत होत्या. खैबर खिंडीतील अली मशीदचा किल्ला पडला होता. चित्रातला सिंह अजून जागेवरच आहे. प्रत्यक्षातला सिंह केव्हाच अमीराच्या अंगणात उतरला होता.

अस्वलाचे काय? रशियन सेनानी स्टोलिएटॉव्ह याचे शिष्टमंडळ जुलै १८७८ मध्ये अमीराची इच्छा नसताना काबूलला येऊन पोहोचले, हे खरे. पण तोवर बर्लिनच्या परिषदेत युरोपातील तंटा मिटला होता आणि रशियाला काबूलमध्ये फारसे स्वारस्य उरले नव्हते. स्टोलिएटॉव्ह ऑगस्टमध्येच परत गेला. पुढे इंग्रजांची फौज चालून आल्यावर अमीराने रशियाकडे मदत मागितली, तेव्हा उत्तर काय आले? इंग्रजांशी तह करून टाका! अस्वल मैदान सोडून गेले होते, पण चित्रात ते सिंहाच्या तोडीस तोड उभे केले आहे. असे केल्याने काय साधते? दोष दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो. लंडनचा वाचक अमीराची कीव करतो, आपल्या सिंहाला थोडा टोमणाही मारतो आणि मनाशी म्हणतो, काय करणार, पलीकडे अस्वल आहे ना! सहानुभूतीने भरलेले चित्रसुद्धा आक्रमणाची बाजू कशी सावरून धरते, याचा हा उत्तम नमुना आहे. टेनिअलने हे जाणूनबुजून केले, असे माझे म्हणणे नाही. त्याला तसेच दिसत असावे.

आता ‘मित्र’ या शब्दाकडे वळू. शेर अलीला इंग्रजांची मैत्री नको होती काय? उलट, ती त्याने मागितली होती. १८६९ मध्ये तो स्वतः अंबाल्याच्या दरबारात लॉर्ड मेयोला भेटायला आला. १८७३ मध्ये त्याचा वकील सिमल्याला आला, तो एकच गोष्ट मागत होता : रशियाने आक्रमण केले, तर आमच्या पाठीशी उभे राहण्याचे निःसंदिग्ध वचन द्या. ते मिळाले नाही. पाच वर्षांनी लॉर्ड लिटनने त्याच्यावर जी मैत्री लादायला घेतली, ती न मागितलेली होती. काबूलमध्ये इंग्रजांचे शिष्टमंडळ आलेच पाहिजे, असा हट्ट धरला गेला. ऑगस्ट १८७८ मध्ये अमीराचा लाडका युवराज अब्दुल्ला जान वारला. दरबार सुतकात असतानाच व्हाइसरॉयचा खलिता घेऊन त्याचा दूत काबूलला पोहोचला. सप्टेंबरमध्ये नेव्हिल चेंबरलेनचे शिष्टमंडळ अली मशीदपाशी अडवून परत पाठवण्यात आले. अडवणाऱ्या अफगाण अधिकाऱ्याने ते काम सभ्यपणे केले, हे इंग्रजांच्याच लिखाणातून दिसते. एवढे निमित्त लिटनला पुरले. डिसेंबरात शेर अलीने काबूल सोडले आणि २१ फेब्रुवारी १८७९ रोजी मजार-ए-शरीफ येथे त्याचा अंत झाला. त्याला वाचवायला दोघांपैकी एकही मित्र आला नाही.

इथवरचा अर्थ कोणत्याही इतिहासाच्या प्राध्यापकाकडून मिळू शकेल. माझ्या ज्येष्ठांचा प्रश्न याच्या पुढचा होता. अस्वल आहे, सिंह आहे, अमीर आहे. पण हा सिंह खैबरपर्यंत आला कशाच्या बळावर?

याच टेनिअलने एकवीस वर्षांपूर्वी, २२ ऑगस्ट १८५७ च्या ‘पंच’मध्ये काढलेले चित्र आता पडद्यावर येईल. बंगालचा वाघ एका गोऱ्या स्त्रीवर आणि तिच्या बालकावर चढून बसला आहे आणि ब्रिटिश सिंह त्याच्यावर झेप घेतो आहे. ते सूडाचे चित्र आहे आणि त्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये उसळलेला सगळा क्रोध त्यात उतरला आहे. त्यातला द्वेष बाजूला ठेवून एक गोष्ट पाहा : १८५७ साली हिंदुस्थान चित्रात आहे. शत्रू म्हणून असेल, हिंस्र म्हणून असेल, पण त्याला देह आहे, पंजे आहेत. १८७८ च्या चित्रात तो वाघ नाही. सिंह, अस्वल आणि त्यांच्यामध्ये अमीर. ज्याच्या पैशावर आणि ज्याच्या रक्तावर हे युद्ध चालले होते, तो चौकटीबाहेर गेला आहे.

पैशाचे आधी पाहू. १८५८ च्या कायद्यात असे कलम होते, की आक्रमण परतवण्याचा किंवा तशीच तातडीची निकड असण्याचा प्रसंग सोडला, तर हिंदुस्थानच्या सरहद्दीपलीकडील लढाईसाठी येथील महसूल पार्लमेंटच्या संमतीशिवाय वापरू नये. डिसेंबर १८७८ मध्ये पार्लमेंटने ती संमती देऊन टाकली. युद्धाच्या खर्चाचे अंदाज इतके चुकले, की त्यावरून इंग्लंडमध्येही गदारोळ झाला. अखेरीस ग्लॅडस्टनच्या सरकारने ५० लाख पौंडांचा वाटा उचलला. उरलेला मोठा भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला.

आणि ती तिजोरी त्या वेळी कोणत्या अवस्थेत होती? १८७६ ते ७८ या काळात दख्खन आणि दक्षिण हिंदुस्थानात महादुष्काळ पडला होता. ब्रिटिश मुलखातच ५० लाखांहून अधिक माणसे मेली, असा हिशेब आहे. माणसे मरत असताना लिटनने १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरवला. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हाताने विणलेल्या खादीचा पोशाख करून त्या झगमगाटात जाऊन बसले होते. दुष्काळनिवारणाचा निधी उभारायचा म्हणून १८७८ मध्ये लायसन्स टॅक्स बसवण्यात आला. पुढच्याच वर्षी अफगाण युद्धाच्या खर्चापुढे तो निधी बाजूला सारला गेला. भाकरीच्या नावाने गोळा केलेला पैसा दारूगोळ्यासाठी मोकळा झाला, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. (माझी तर कलाशाखेची आहे.)

फेब्रुवारी १८७९ मध्ये तिकडे शेर अलीने प्राण सोडला, त्याच महिन्यात इकडे पुणे जिल्ह्यात वासुदेव बळवंत फडके यांनी बंडाचा झेंडा उभारला. या दोन घटना आपण वेगवेगळ्या पुस्तकांत वाचतो. फडक्यांना पेटवले ते दुष्काळाने, भुकेल्या रयतेच्या दर्शनाने. लिटनच्या एकाच कारभाराचे एक टोक काबूलला होते आणि दुसरे आपल्या मावळात, हे कॅलेंडर शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

मग आपल्याकडच्या कोणी हे चित्र का काढले नाही? मुंबईत ‘पारशी पंच’ होता, चित्रकारांची वाण नव्हती. पण १४ मार्च १८७८ रोजी, म्हणजे युद्धाच्या आठ महिने आधी, लिटनने देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठी मुस्कटदाबीचा कायदा केला होता. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. मराठी पत्राच्या मुद्रकाकडून जामीनपत्र लिहून घेता येत होते, छापखाना जप्त करता येत होता. सिंहाला टोमणा मारण्याची मुभा लंडनच्या टेनिअलला होती. पुण्याच्या संपादकाला नव्हती. वाघ चित्रात नाही, त्यामागे हेही कारण आहे.

स्वातंत्र्यानंतर आर. के. लक्ष्मण यांनी काय केले, ते या संदर्भात आठवावे. मंत्री, पुढारी, परदेशी पाहुणे कोणीही असोत, कोपऱ्यात चौकड्यांचा कोट घातलेला तो म्हातारा उभा असतोच. तो बोलत नाही. पण बिल कोणाच्या नावावर फाटणार आहे, हे वाचकाला त्याच्याकडे पाहून समजते. लक्ष्मण यांच्या रेषेचे कौतुक आपण पुष्कळ करतो. मला तर त्यांनी त्या माणसाला चौकटीत आणले, हीच मोठी गोष्ट वाटते.

आता रक्ताचा हिशेब. २७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंद येथे ब्रिगेडियर बरोज याच्या फौजेचा दारुण पराभव झाला. सुमारे अडीच हजारांच्या त्या फौजेतले साडेनऊशेहून अधिक लोक मारले गेले. ही फौज मुंबई सैन्याची होती. ६६ वी गोरी पलटण होती आणि तिच्यासोबत पहिली बॉम्बे ग्रेनेडिअर्स व तिसावी जेकब्स रायफल्स या देशी पलटणी होत्या. गोऱ्या पलटणीचे २८६ मेले. ग्रेनेडिअर्सचे ३६६ मेले, जेकब्स रायफल्सचे २४१. हे सारे मराठी होते, असे मी म्हणणार नाही. जेकब्स रायफल्स तर सिंधमध्ये उभी राहिलेली पलटण होती. पण ते सारे या भूमीचे होते आणि अफगाणांशी त्यांचे काडीचेही वैर नव्हते.

इंग्लंडमध्ये रेडिंग नावाचे गाव आहे. तेथील बागेत १८८६ पासून एक प्रचंड लोखंडी सिंह उभा आहे. त्याला ‘मैवंदचा सिंह’ म्हणतात. त्याखाली ६६ व्या पलटणीच्या ३२९ जणांची स्मृती जपली आहे. त्यांनी आपली माणसे जपली, यात गैर काही नाही. मी त्यांना दोष देत नाही. आपल्यापैकी ज्यांनी शेरलॉक होम्स वाचला आहे, त्यांना डॉ. वॉटसन मैवंदला जखमी झाला, हे पाठ असेल. एका काल्पनिक डॉक्टरला लागलेली गोळी आपल्याला ठाऊक आहे. ३६६ ग्रेनेडिअर्स मात्र कोणाला ठाऊक नाहीत. कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या थांब्यावर आपण बसमधून उतरतो. ते चर्च कशाचे स्मारक आहे, हे किती जणांनी विचारले? ते मैवंदचे नव्हे, त्याआधीच्या, १८३८ साली सुरू झालेल्या पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांचे आहे.

‘मित्र’ हा शब्द ‘पंच’ने पुढेही वापरला. डिसेंबर १९११ मध्ये इराणवर एक चित्र आले. या वेळी सिंह आणि अस्वल यांच्या तावडीत मांजर आहे. दोघांमध्ये १९०७ साली करार होऊन इराणची वाटणी झाली होती. सिंह अस्वलाला म्हणतो, आपले इतके छान जमले नसते, तर आपल्या या छोट्या सवंगड्याचे तू काय चालवले आहेस, असे मी विचारले असते. मूळ चित्र जरूर मिळवून पाहावे.

व्यंगचित्रातली ओळ अक्षरशः खरी झाली ती मात्र शंभर वर्षांनी. डिसेंबर १९७८ मध्ये काबूलच्या साम्यवादी राजवटीने सोव्हिएत युनियनशी मैत्रीचा करार केला. पुढच्या वर्षी हाफिजुल्ला अमीन सत्तेवर आला. सोव्हिएत सैन्य पाठवा, अशी विनंती तो पुन्हा पुन्हा करत होता. ते सैन्य आले आणि २७ डिसेंबर १९७९ रोजी त्याच सैन्याने त्याला त्याच्या राजवाड्यात ठार केले. ते सैन्य परतले १५ फेब्रुवारी १९८९ ला. मग २००१ मध्ये अमेरिका आली. तिच्याकडे ११ सप्टेंबरचे कारण होते आणि ते खोटे नव्हते. तरी १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पुन्हा तालिबानच्या हाती गेले आणि विमानतळावर विमानांमागे धावणारी माणसे साऱ्या जगाने पाहिली.

येथे आपल्यातील एखादा तरुण स्वयंसेवक विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की आपणही शेजारच्या देशांत सैन्य पाठवले आहे, त्याचे काय? १९७१ चे उत्तर सोपे आहे. सुमारे १ कोटी निर्वासित आपल्या दारात आले होते, लढाई तेथील जनतेच्या बाजूने झाली आणि मार्च १९७२ मध्ये आपले सैन्य ढाक्याहून परत निघाले. मित्र केव्हा घरी जातो, यावरून मैत्री ओळखावी.

१९८७ चे उत्तर इतके सोपे नाही. २९ जुलैला कोलंबोत करार झाला. दुसऱ्याच दिवशी मानवंदनेच्या रांगेतील एका श्रीलंकन नौसैनिकाने आपल्या पंतप्रधानांवर बंदुकीचा दस्ता उगारून प्रहार केला. ज्या तमिळांच्या रक्षणासाठी आपण गेलो, त्यांच्यातील वाघांशीच ऑक्टोबरपासून लढावे लागले. ज्या सरकारच्या निमंत्रणावरून गेलो, त्याच देशाच्या नव्या अध्यक्षांनी १९८९ मध्ये निघून जा म्हणून सांगितले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली. सुमारे बाराशे जवान तिथे राहिले. त्यांच्या शौर्याविषयी शंका घेणाऱ्याची जीभ झडो. पण ज्यांनी त्यांना पाठवले, त्यांच्या विचाराविषयी शंका घेण्याचा अधिकार त्या जवानांच्या घरच्यांना आहे. त्या वेळी कोलंबोतल्या कोणा चित्रकाराने आपल्याला कोणते जनावर करून रंगवले असेल, याची कल्पना करणे आपल्याला आवडत नाही. मला तरी आवडत नाही.

माझ्या लेखाचे सांगायचे राहिले. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने निर्णय जाहीर केला : संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसताना भारत इराकमध्ये सैन्य पाठवणार नाही. मी त्या दिवशी थोडा खट्टू झालो होतो, हे कबूल करतो. संध्याकाळी ज्येष्ठ सहकारी माझ्या टेबलाशी आले. त्यांच्या हातात माझ्या लेखाचे कात्रण होते. ते त्यांनी उपडे करून माझ्यापुढे ठेवले आणि काही न बोलता निघून गेले. मागच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने लिहिले होते : ‘६ वी पूना डिव्हिजन. कूट. १९१६.’

मला ग्रंथालयात जाऊन ते शोधावे लागले. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी याच इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, पूना डिव्हिजन पाठवली होती. मराठा पलटणींचे जवानही तिच्यात होते. तैग्रिसच्या काठी कूट या गावी ती तुर्कांच्या वेढ्यात सापडली. जवळजवळ पाच महिने उपाशीपोटी लढून २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार कैद झाले, त्यांत बहुसंख्य आपले. वाळवंटातून चालवत नेले गेले तेव्हा आणि नंतरच्या कैदेत त्यांतले हजारो मेले. मी इराकवर दीड हजार शब्द लिहिले होते, सैन्य पाठवा म्हणून लिहिले होते, आणि त्यात कूटचा उल्लेख नव्हता. मला ते नावच ठाऊक नव्हते.

ते कात्रण अजून माझ्याकडे आहे. येताना बरोबर आणले आहे, कोणाला पाहायचे असल्यास चहाच्या वेळी दाखवीन.